मगनभाऊ काय म्हणतात?

नूतनच्या नवऱ्याला जाऊन सहा-सात महिने उलटले होते, तेव्हा तो पहिल्यांदा मोबाइलवर बोलला.

यात भुताखेताचं काही नाही. झालं ते वांग्यावरून झालं. फेसबुकवर स्वयंपाकाचं एक पान होतं आणि त्यावर कुण्या बाईने भरताचा व्हिडिओ टाकला होता. वांगं गॅसवर भाजलेलं, वर कांदा-टोमॅटोची फोडणी, आणि नाव काय, तर खानदेशी भरीत. मग काय विचारता! जळगाव-धुळ्याची माणसं त्या बाईवर तुटूनच पडली. आमच्याकडचा माणूस एक वेळ शेताचा बांध सोडून देईल, भरीत सोडणार नाही. नूतन एरवी असल्या भानगडीत पडणारी नव्हे. पण त्या दिवशी घरात बोलायला कोणी नव्हतं, तसं ते रोजच नसायचं, आणि तिने लिहून टाकलं, "आमच्या ह्यांना कपाशीच्या काड्यांवर भाजलेलंच वांगं लागतं. गॅसवरचं दिलं तर ताट सरकवून देतात."

हे म्हणजे मगन पाटील. जणू आतल्या खाटेवर बसून ताटाची वाट बघताहेत, असंच तिने लिहिलं. लोक हसले. कोणी लिहिलं, भाऊंचं बरोबर आहे. कोणी लिहिलं, भाऊंना आमच्या मळ्यात पाठवा, काड्यांचा ढीग पडलाय. कित्येक महिन्यांत तिच्या नवऱ्याबद्दल कोणी हसून दोन शब्द बोललं नव्हतं. 'अहो, ते वारले' असं त्यावर लिहायला तिचा हात धजला नाही.

त्या भांडणातून सात-आठ जण निघाले आणि त्यांनी व्हॉट्सअपवर आपला वेगळा ग्रुप केला. नाव ठेवलं 'ओटा'. तिथे फुलांची चित्रं आणि सुविचार पाठवायला बंदी होती. सकाळी चहा झाला की ज्याने त्याने आपल्या गल्लीतलं सांगायचं, एवढंच. एरंडोलजवळच्या खेड्यातल्या ताईबाई, सगळ्यांत वडील. त्यांना टाइप करता येत नसे, म्हणून त्या नुसत्या बोलून पाठवत, आणि मागे म्हैस हंबरत असे. धुळ्याची दिपमाला अंगणवाडीत होती, तिच्याकडे वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचे रोज नवे किस्से. पाचोऱ्याचे जीवरामभाऊ रेल्वेतून निवृत्त झालेले, बायको आधीच गेलेली, त्यामुळे त्यांच्याकडे वेळच वेळ. या सगळ्यांनी एकमेकांना कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. पण कोणाच्या शेजारणीने कोणाच्या दारात पाणी सांडलं, हे सगळ्यांना पाठ.

नूतन राहायची जळगावात, मेहरूणला. तिच्या वाट्याला शेजारीण आली होती झमकूबाई. मारवाडी घर, किराण्याचं मोठं दुकान, आणि जीभ अशी की दूधवाला गल्लीच्या तोंडाशीच सायकलची घंटा वाजवणं बंद करायचा. झमकूबाईने गच्चीवर पापड वाळत घातले की कावळ्यांपेक्षा शेजाऱ्यांवर जास्त लक्ष ठेवायचं, हे नूतन असं रंगवून लिहायची की ताईबाई हसून हसून खोकायच्या. आणि शेवटी एक ओळ असायचीच : हे म्हणतात, बाईला चौकीदाराचा पगार द्या. हे म्हणतात, पापड जाऊ द्या, आधी कावळे मोजून घ्या.

हळूहळू लोक शेवटच्या ओळीचीच वाट बघू लागले. "मगनभाऊ काय म्हणतात?" जीवरामभाऊंचा तर सकाळचा पहिला मेसेज हाच. फोनवर बोलू द्या म्हणाले, तर नूतनने सांगितलं, कापसाच्या जिनिंगच्या मशिनींपायी कान गेलेत हो यांचे, फोनवर काही ऐकू येत नाही. तेवढं खरं होतं. मगनने जन्मभर जिनिंगमध्येच काम केलं होतं आणि शेवटी शेवटी त्याला खरंच ऐकू येत नव्हतं.

लबाडी म्हणाल तर लबाडी होती. पण नूतनला ती रोज सकाळी लबाडी वाटायची नाही. चहा ओतताना, हा काय म्हणाला असता, एवढाच ती विचार करायची, आणि तो म्हणायचा. शिवाय तिला दुसरंही एक ठाऊक होतं. विधवा बाईने शेजारणीची टिंगल केली की लोक म्हणतात, एवढं झालं तरी हिची जीभ काही गेली नाही. नवऱ्याच्या नावावर तीच टिंगल खपून जाते.

टिंगलच काय, शहाणपणही खपतं. जीवरामभाऊंचा मुलगा लग्न झाल्यावर वेगळं व्हायचं म्हणून हट्ट धरून बसला होता. घरात अबोला, ताटं आपटणं सुरू. जीवरामभाऊंनी एके दिवशी ग्रुपवर विचारलं नाही, नूतनला वेगळा मेसेज केला : भाऊंना विचारा, मी काय करू? नूतनने दोन दिवस विचार केला आणि लिहिलं, "हे म्हणतात, वरचा मजला त्यांना देऊन टाका, चूल वेगळी होऊ द्या. पण संध्याकाळी तुम्ही खाली ओट्यावर बसत जा. पोरगा येता-जाता थांबेल." पोरगा थांबू लागला. पुढे नातूही ओट्यावर खेळू लागला. "मगनभाऊंनी माझं घर वाचवलं," हे जीवरामभाऊ ग्रुपवर किती वेळा म्हणाले असतील, मोजदाद नाही. ते वाचताना नूतनला सुख वाटायचं, आणि मग ती मोबाइल थोडा वेळ लांब ठेवायची.

असं तीन वर्षं चाललं. मग यंदा थंडी पडली, बाजारात बामणोदची हिरवी वांगी आली आणि दिपमालाने सुचवलं की आता बस झालं मोबाइलवर, भरीत पार्टी करू. कुठे, तर मेहरूणच्या तलावाकाठी. भाजणार कोण, तर अर्थातच मगनभाऊ!

तिने लिहिलं, यांची तब्येत ठीक नाही. तर सगळ्यांना काळजी लागली. काय झालं, कोणाला दाखवलं, काय खातात? जीवरामभाऊ म्हणाले, पार्टी राहू द्या, मी एकटा भेटायला येतो, गाडीने तासाभराचं तर काम. तिने आठ-दहा दिवस कसंबसं टोलवलं. बरं आहे, थोडं बरं आहे, आज जरा जास्त आहे. खोट्या आजाराची खरी चौकशी इतकी आली की रोज उत्तर देता देता ती रडकुंडीला यायची. सुरतेला असलेल्या मुलीला, किरणला, हे सांगणं शक्यच नव्हतं. आणि खरं सांगावं, तर हा ओटाच हातचा जाणार. तीन वर्षं आपल्याला फसवलेल्या बाईबरोबर चहा कोण पिईल? तिच्याकडे दुसरं होतं तरी काय? किरणचा रविवारचा फोन आणि झमकूबाईची बंद खिडकी.

शेवटी एका सकाळी तिने ठरवलं की मगनला जाऊ द्यायचं. दोन दिवस हात जोडलेली चित्रं येतील, भावपूर्ण श्रद्धांजली येईल, महिनाभर लोक जपून बोलतील. मग आपण परत लिहू लागू, खऱ्याखुऱ्या विधवेसारखं, आणि यापुढे खोटं बोलायला लागणार नाही. तिने लिहिलं, "हे काल गेले." आणि मोबाइल पालथा ठेवून ती भिंतीला टेकून बसली.

हिशेब सगळा बरोबर होता. आपण खानदेशात राहतो, एवढं मात्र ती विसरली होती.

आमच्याकडे माणूस गेला की दारावर जातात, म्हणजे त्या घरी जाऊन रडून येतात. नातं किती लांबचं, ओळख किती जुनी, कोणी विचारत नाही. दारावर गेलं नाही तर मात्र सात पिढ्या बोलून दाखवतात. हात जोडलेली चित्रं आलीच नाहीत. आली ती ताईबाईंची बोललेली ओळ, रडून रडून घोगरी झालेली, "नूतन, माय, हाई काय सांगस तू! आम्हू उद्या येतस. मोबाइलवर का कोनी रडस?"

तिने घाईघाईने लिहिलं, कृपा करून कोणी येऊ नका. पण दुःखाच्या घरातून सगळेच तसं म्हणतात. कोणी मनावर घेत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपमधले जवळपासचे तिघं आले. नूतनने भिंतीवरचा हार घातलेला फोटो काढून कपाटात ठेवला होता, कारण हार जुना होता. हृदयाचा झटका, पहाटे, झोपेतच, अशी गोष्टही तिने घोकून ठेवली होती. आणि गल्लीच्या कोपऱ्यावरून आवाज आला.

ताईबाईंनी जुन्या वळणाप्रमाणे कोपऱ्यापासूनच रडायला सुरुवात केली होती. "मना भाऊ रे... मगनभाऊ... वांगा भाजाले कोन येई रे आते..." उभ्या गल्लीत तो आवाज घुमला. दारं उघडली, माणसं ओट्यांवर आली. कोण गेलं, कोण गेलं? मगन पाटील? तो तर त्या साथीतच गेला ना? नूतन दारात उभी होती. पळून जावं, दार लावून घ्यावं, असं आधी तिच्या मनात आलं. पण आपल्या नवऱ्याचं नाव घेऊन गल्लीत कोणी रडतंय, हे ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. दाराला लावलेला हात तिने काढला. ताईबाईंनी येऊन तिला कवेत घेतलं, तेव्हा ती जी रडली ते काही घोकलेलं नव्हतं.

सगळे आत सतरंजीवर बसले. ताईबाई तिला धरून, दिपमाला समोर, जीवरामभाऊ दाराशी. उंच, वाळलेला माणूस. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. डोळे लाल. प्रवासभर रडत आला असावा. नूतनला त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात दारात झमकूबाई. हातात चहाची किटली, मागे नातसून कप घेऊन. दुःखाच्या घरात चूल पेटवत नाहीत, आल्या-गेल्याला चहा शेजाऱ्याने द्यायचा असतो. पण साडेतीन वर्षांत या बाईने हा उंबरा ओलांडला नव्हता. हिने एक शब्द उच्चारला की संपलं. झमकूबाईने कप भरले, ज्याच्या त्याच्या हातात दिले, आणि ओढणीचा पदर कपाळापर्यंत ओढून भिंतीशी बसली.

मग ताईबाईंनी विचारलं. दारावर विचारतातच, आणि घरच्यांनी सांगायचंच असतं, प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून. सांगून सांगून दुःख झिजतं म्हणतात. "कसं व्हयनं, माय?"

"पहाटे..." नूतनने सुरुवात केली, "पहाटे झोपेतच..." आणि ती थांबली. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नव्हता. साडेतीन वर्षं उत्तर आत तसंच पडून होतं, आणि आता त्याच्यापुढे झोपेतला झटका काही टिकेना.

"ताप आला," ती म्हणाली. "आधी वाटलं साधाच. मग दम लागायला लागला. दवाखान्यात घेतलं, पण मला गेटावरच थांबवलं. मी डबा घेऊन जायची. डबा आत जायचा, मी बाहेर उन्हात बसायची. संध्याकाळी रिकामा डबा यायचा, की मी समजायची, आज जेवले. एक दिवस डबा भरलेलाच परत आला." तिने पदर तोंडाशी धरला, पण बोलणं थांबलं नाही. "तोंड दाखवलं नाही हो त्यांनी. गुंडाळलेलं होतं सगळं. हेच आहेत, एवढं म्हणाले. झगे घातलेली चार माणसं होती, त्यांनीच नेलं, त्यांनीच अग्नी दिला. किरण सुरतेत अडकलेली. मी घरी आले, तर गल्लीत बांबू आडवा बांधलेला. कोणी आलं नाही. तेरा दिवस मी या दाराकडे तोंड करून बसले. एक माणूस आलं नाही."

दिपमालाने कप खाली ठेवला. तिला आधी कळलं. "ताई," ती हळूच म्हणाली, "ही कधीची गोष्ट सांगताय तुम्ही?"

"त्या सालची," नूतन म्हणाली. "एकवीस सालच्या एप्रिलची."

दिपमाला बोटांवर वर्षं मोजू लागली.

"खरं आहे," भिंतीकडून आवाज आला. झमकूबाई मान खाली घालूनच बोलत होती. "तो बांबू माझ्या रोनकने बांधला. मीच सांगितलं त्याला. घरात लहान लेकरू होतं, मी घाबरले. नंतर यायला तोंड राहिलं नाही." "आज रडण्याचा आवाज आला, तेव्हा किटली घेऊन निघाले. म्हटलं, आता नाही गेले तर कधीच नाही."

झमकूबाईला काय काय सुनवायचं, याची नूतनने किती तरी दुपारी तयारी केली होती. त्यातलं एकही वाक्य तिला आता सापडलं नाही.

ताईबाईंनी तिच्या पाठीवरचा हात काढला नव्हता. "तीन वरीस," त्या म्हणाल्या, "तीन वरीस तू त्याले एकली खांदावर लिसन फिरनी, माय." आणि त्यांचे डोळे पुन्हा वाहू लागले. दिपमाला सरकून जवळ आली.

राहिले जीवरामभाऊ. त्यांच्या कपातल्या चहावर साय धरली होती. ते इतका वेळ नूतनकडे बघत होते, पण ती ओळखीची आहे असं बघत नव्हते.

"मंग मी कोनासंगे बोली राहिंतू?" त्यांनी विचारलं.

"माझ्याशी, भाऊ."

"वरला मजला देई टाक, हाई कोनी सांगं?"

"मीच." नूतनने हात जोडले. "मला वाटलं, माझं कोण ऐकणार. यांच्या नावाने सांगितलं तर ऐकाल. चुकलं माझं, जीवरामभाऊ. पाया पडते."

त्यांनी टोपी हातात फिरवली. रागावले असते, ओरडले असते, तर नूतनला सोसलं असतं. पण त्या माणसाचं तोंड असं झालं होतं, जणू दोन दिवसांपूर्वी खरोखरच त्याचा मित्र गेला होता आणि आता तो गेल्याचं दुःखही कोणी तरी काढून घेतलं होतं.

"रोज सकायमां उठी सन पहिले त्याले इचारू मी," ते म्हणाले. "मना पोरगाले सांगंतू, तुले मगनभाऊना घर लई जासू."

"तुमचं म्हणणं मी खरंच त्यांना सांगायची," नूतन म्हणाली. "रोज. मोठ्याने." हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं आणि ऐकायला ते किती वेड्यासारखं वाटतं, हे तिला म्हटल्यावर कळलं.

जीवरामभाऊंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते काही कळलं नाही. मग त्यांनी चहा तसाच बाजूला ठेवला आणि ते उठले. ते उठले म्हणून बायकाही उठल्या, कारण गाडीची वेळ झाली होती.

दारावर आलेलं माणूस निघताना 'येतो' म्हणत नाही. अशा कामासाठी पुन्हा यायची पाळी येऊ नये, म्हणून म्हणत नाही, आणि मागे वळूनही बघत नाही. नुसतं उठायचं आणि चालू लागायचं. ताईबाईंनी नूतनचं डोकं छातीशी दाबलं आणि त्या न बोलता उंबरा उतरल्या. दिपमालाने तिच्या गालावरून हात फिरवला आणि तीही गेली. झमकूबाई आत कप गोळा करत होती.

जीवरामभाऊंनी बाहेरच्या नळावर पाय धुतले, डोक्यावर टोपी घातली आणि ते निघाले. बोलले नाहीत, वळले नाहीत. रीत पाळत होते, की या घराशी असलेलं त्यांचं सगळं संपलं होतं, हे पाठीवरून कसं कळणार? नूतन दाराच्या चौकटीला धरून ती पाठ कोपऱ्यापर्यंत जाताना बघत राहिली. एक हाक मारावी, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण दारावरून निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत.